वर्गात एक, दारात तीन: मलांगला निघालेल्या लेकीच्या इंडोनेशियनबद्दल

नाशिकच्या एका आईंनी विचारलं आहे: मुलगी इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीवर एका वर्षासाठी पूर्व जावातल्या मलांगला चालली आहे. आठ-नऊ महिने अॅपवर आणि पुस्तकातून इंडोनेशियन शिकली आहे. आता कुणीतरी सांगितलं की मलांगमध्ये लोक जावानीज बोलतात, तिथे तिची भाषा भेसळीची होईल. त्यापेक्षा जकार्ता मागून घ्यायला हवं होतं का?

नाही. जकार्ता मागू नका, आणि भेसळीची काळजी तर मुळीच करू नका. काळजी करायचीच असेल तर दुसऱ्या एका गोष्टीची करा, तिच्याकडे येतेच.

मी स्वतः जावा बेटावरच्याच योग्यकार्त्यात विद्यार्थिनी म्हणून गेले आणि पुढे तिथे आणि मलांगमध्ये परदेशी मुलांना इंडोनेशियन शिकवायला लागले. तिकडे या शिकवण्याला 'बीपा' म्हणतात. १८ वर्षं झाली. एवढ्या काळात 'शुद्ध इंडोनेशियन कुठल्या गावात बोलतात?' हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. असं गाव नाही. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये तरुणांच्या मेळाव्यात ही भाषा एकतेची भाषा म्हणून जाहीर झाली, तेव्हा ती मलय होती. बंदरांतून, बाजारांतून, बेटाबेटांवर चालणारी. देशातल्या सगळ्यात मोठ्या समाजाची भाषा जावानीज होती, आणि नेमकी ती निवडली नाही. म्हणजे जन्मापासून ही कुणा बहुसंख्याकांच्या चुलीजवळची भाषा नव्हे. २०१० च्या जनगणनेतही घरात रोज इंडोनेशियन बोलणारे साधारण २० टक्केच निघाले. बाकीच्यांच्या घरात सातशेहून जास्त प्रादेशिक भाषांपैकी कुठलीतरी एक. तेव्हा तुमची मुलगी जिथे जाईल तिथे इंडोनेशियनच्या पोटात दुसरी भाषा असणारच. जकार्तात तर रस्त्यावरची भाषा पुस्तकापासून आणखी लांब. 'मी-तू'साठी तिथे गुवे-लो म्हणतात, जे होक्कियन चिनीतून आलेलं आहे. मुलगी तिथे वर्षभर राहून गुवे-लो करत योग्यकार्त्यात गेली, तर लोक हसून घेतील, पण मनात म्हणतील, काय आगाऊ पोर आहे.

आता मलांगमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. तिथले लोक परदेशी माणूस दिसला की लगेच इंडोनेशियनवर येतात, तीही जरा इस्त्री केलेली. हा त्यांचा शिष्टाचार आहे. पण पाच मैत्रिणी टपरीवर बसल्या असतील तर तुमच्या मुलीला उद्देशून बोललेलं वाक्य इंडोनेशियन, त्यावरची कोपरखळी जावानीज, आणि दोन मिनिटांत सगळा गप्पांचा ओघ जावानीजमध्ये. म्हणजे तिच्याशी बोललं जातं एका भाषेत आणि तिच्या कानावर पडतं दुसऱ्याच भाषेत. याचा परिणाम मी वर्षानुवर्षं बघते आहे: विद्यापीठ, बँक, व्हिसा, दवाखाना यांचे शब्द मुलांच्या तोंडी इंडोनेशियन येतात, पण 'अय्या', 'अगं थांब', 'कसलं भारी', 'झालं का?' हे सगळं जावानीज. आणि शिव्याही. मलांग-सुराबायाकडे जिवलग मित्राला प्रेमाने हाक मारताना वापरतात असा 'ज'ने सुरू होणारा एक शब्द आहे. प्रत्येक तुकडीत एक तरी मुलगा तो पहिल्या महिन्यात शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात एखाद्या प्राध्यापकांपुढे वापरतो.

माझ्या वर्गातल्या एका युरोपीय मुलाची गोष्ट. तो ज्या घरी भाड्याने राहत होता, म्हणजे तिकडच्या भाषेत 'कोस'मध्ये, तिथल्या मालकीणबाई फार मायाळू. पहिल्या आठवड्यात त्याला ताट हवं होतं. बाई म्हणाल्या, "ताक आम्बिलकान, या." (आपलं ताक नव्हे.) पुस्तकात 'ताक' म्हणजे 'नाही'. पोराने अर्थ लावला, 'आणून देणार नाही.' तो गुपचूप खोलीत गेला. बाई ताट घेऊन आल्या तर हा जागेवर नाही. जावानीजमध्ये 'ताक' म्हणजे 'मी करते हं', बोलणाऱ्याने स्वतःहून पुढे केलेला हात. बाई तर आपण इंडोनेशियनच बोलतोय असं समजत होत्या! आणि त्यांचं तरी काय चुकलं? बाकीचा शब्द इंडोनेशियनच होता. त्यांच्या तोंडात दोन्ही भाषांचा सांधा इतका गुळगुळीत झालेला असतो की त्यांना स्वतःला तो जाणवत नाही.

तसाच 'मारी'. इंडोनेशियनमध्ये 'मारी माकान' म्हणजे 'चला, जेवू या'. पूर्व जावाच्या बोलीत 'मारी माङान' म्हणजे 'जेवून झालं'. कुणी दारातून असं काही म्हणालं तर हात धुवायचे की परत फिरायचं, हे मधल्या एका अक्षरावर ठरतं. गंमत म्हणजे योग्यकार्त्याच्या जावानीजमध्येही 'जेवून झालं'साठी हा शब्द असा वापरत नाहीत. तिकडे 'कसं काय' विचारायला 'पिये', मलांगला 'यो ओपो'. 'नाही'साठी तिकडे 'ओरा', इकडे 'गाक'. हा 'गाक' बोली इंडोनेशियनमध्येही चालतो, त्यामुळे मुलांना वाटतं आपण इंडोनेशियन बोलतोय, आणि शेजारच्यांना वाटतं, वा, आमची भाषा शिकली!

यात मलांगने स्वतःची एक भर घातली आहे. तिथे शब्द उलटे करून बोलायची जुनी हौस आहे, आपल्या पोरांच्या 'च'च्या भाषेसारखी. फक्त इथे ती मोठी माणसंही बोलतात आणि टी-शर्टवर छापतात. मलांगचं होतं 'ङालाम', 'मास' (दादा) याचं 'साम', 'इयो' (हो) याचं 'ओयी'. 'आरेक' म्हणजे पोरगं, ते उलटं झालं की 'केरा'. आणि पुस्तकी इंडोनेशियनमध्ये 'करा', रोमन लिपीत लिहायला तंतोतंत तसंच, म्हणजे माकड. शब्दकोश घेऊन भिंतीवरची 'केरा ङालाम' ही घोषणा वाचणाऱ्या परदेशी मुलाला वाटतं की शहर स्वतःलाच माकडं म्हणवतंय.

तर मग काळजी कसली करायची? शब्द कुठल्या घरचा आहे हे न कळण्याची. मलांगचा मुलगा तीन भाषा एकाच वाक्यात घालतो, पण त्याच्या डोक्यात तिघींचे डबे वेगळे असतात. आजीपुढे गेला की एक झाकण उघडतो, वर्गात दुसरं, मित्रांत तिसरं. परदेशी विद्यार्थ्याकडे हे सगळं एकाच पिशवीत पडतं. पोह्यात साबुदाणा मिसळला की निवडणं किती कठीण, तसं. त्याने शब्द चुकीचा शिकलेला नसतो. त्या शब्दाला चिठ्ठी चिकटवलेली नसते. आपल्याकडे कुणी परदेशी माणूस नागपुरात मराठी शिकला, तर तो पुण्यात येऊन 'मी जेवून राहिलो' म्हणेलच. नागपूरकर तेच म्हणतो आणि गरज पडली की 'जेवतो आहे'ही म्हणतो. फरक एवढाच.

हे सगळ्यात जास्त उघडं पडतं क्रियापदांत. पुस्तकात कपडे धुणं म्हणजे 'मन्चुची'. बोलताना सगळे 'न्युची' म्हणतात, पुढचा अर्धा उपसर्ग गिळून. दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या. विद्यार्थी काय करतो, तर ऐकलेल्या 'न्युची'ला शिकलेला उपसर्ग परत लावतो आणि 'मन्युची' तयार करतो. तो आपल्या 'शुचि'वरून आलेल्या 'सुची' शब्दाचा भाऊबंद होतो, म्हणजे पवित्र करणे. माझ्या मुलांनी निबंधांत आजवर शेकडो शर्ट पवित्र केले आहेत. हे थोडं हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी पक्कं बसलं की निघत नाही, हेही सांगते. तसंच 'बुदीचं घर' म्हणताना मुलं 'रुमाह बुदी' न म्हणता 'रुमाहन्या बुदी' म्हणतात. हा जावानीज वाक्याचा साचा आहे. टपरीवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. परीक्षेत गुण जातात.

जावानीजमधला सगळ्यात खोल खड्डा मात्र आदराचा आहे. तिथे मित्रांशी बोलायची 'ङोको', आदराची 'क्रोमो' (आपला 'क्रम'च तो), आणि त्याच्याही वर फक्त समोरच्या मोठ्या माणसाच्या जेवण्या-झोपण्यासाठी राखून ठेवलेले शब्द. मालकीणबाई हौसेने शिकवतात, विद्यार्थी हौसेने शिकतो, आणि एक दिवस ऐटीत सांगतो, "कुलो साम्पुन डाहार." मी जेवलो, असं त्याला म्हणायचं असतं. पण 'डाहार' दुसऱ्यासाठी असतं, स्वतःसाठी नाही. 'आमचं भोजन संपन्न झालं' असं आपणच आपल्याविषयी म्हणावं, तसं ते ऐकू येतं. घरचे पोट धरून हसतात, कुणी रागावत नाही. उलट प्रयत्न केला म्हणून दुसऱ्या दिवशी एक भजं जास्त मिळतं. माझा अनुभव असा की 'ङ्गीह' (हो जी), 'मातुर नुवुन' (आभार) आणि 'मोङ्गो' (या, घ्या, बसा) एवढे तीन शब्द पहिल्या सहा महिन्यांना पुरतात. त्यातही 'ङ्गीह' समोरच्या सहा वर्षांच्या पोराला म्हणायचं नाही. मी स्वतः म्हटलं होतं.

याच आदरामुळे दुसरी एक अडचण येते. अॅप आणि पुस्तकं 'तुम्ही'साठी 'आन्दा' शिकवतात. हा शब्द १९५७ मध्ये मुद्दाम चलनात आणलेला आहे, आणि आजही तो जाहिरातीत, फॉर्मवर आणि मुलाखतीत जास्त शोभतो. भाजीवालीला कुणी 'आन्दा' म्हणत नाही. तिला 'बू', रिक्षावाल्याला 'पाक', दुकानातल्या तरुण मुलाला 'मास', मुलीला 'म्बाक'. आपण जसं काका, मावशी, दादा, ताई म्हणतो तसंच. इथे मराठी मुलांना काही शिकवावं लागत नाही, फक्त सांगावं लागतं की तुमचीच सवय चालू ठेवा. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेली मुलं मात्र महिनोन्महिने 'तू'लाच धरून बसतात.

मराठी बोलणाऱ्याला आणखी दोन गोष्टी आयत्या मिळतात, त्या तिला जाण्यापूर्वी जरूर सांगा. पहिली, 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद. 'किता' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण, 'कामी' म्हणजे त्याला वगळून आम्ही. इंग्रजीच्या मुलांना हे समजावण्यात माझा एक पूर्ण तास जातो. मराठी मुलीला एक वाक्य पुरतं. (ही मुलं मग जकार्तात जातात आणि ऐकतात की तिथे बोलताना दोन्हीकडे सर्रास 'किता'च चालतं. असो.) पण हाच 'किता' मकास्सरला गेला की आदरार्थी 'तुम्ही' होतो, अगदी आपल्या 'आपण कधी आलात?' मधल्या 'आपण'सारखा. आणि मनाडोला गेला की चक्क 'मी' होतो. एकच शब्द, तीन शहरं, तीन माणसं. मकास्सरला 'किता कुठे राहता?' असं कुणी विचारलं की इतर परदेशी विद्यार्थी गोंधळतात. माझ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारसुद्धा न करता पत्ता सांगितला होता.

दुसरी आयती गोष्ट कानाची. जावानीजमध्ये द आणि ड वेगळे आहेत. 'वदी' म्हणजे भिणे, 'वडी' म्हणजे वाळू. इतर देशांची मुलं हे ऐकूच शकत नाहीत. आपल्याला ते पहिल्या दिवशी ऐकू येतं. त्यामुळे मराठी मुलांचा जावानीज हेल लवकर आणि फार हुबेहूब बसतो. तिकडे या हेलाला 'मेडोक' म्हणतात. बांदुंगला 'म्बान्दुंग', बालीला 'म्बाली' म्हणणं हा त्यातलाच भाग. मलांगमध्ये यावर टाळ्या पडतात. जकार्तात कधीकधी थट्टा होते, कारण तिथे मेडोक म्हणजे गावाकडचा. मी मुलांना हेल सोडायला सांगत नाही. सुमात्राकडचा बातक माणूस प्रत्येक 'ए' ठसठशीत उच्चारतो, बाली माणसाचा 'त' आपल्या 'ट'कडे झुकतो, आणि सगळे एकमेकांना समजतात. फक्त ह्रस्व 'अ'सारखा 'ए' आणि खरा 'ए' यांत गोंधळ करू नये, कारण लिहिताना दोन्ही एकाच अक्षराने लिहितात आणि अॅप त्याबद्दल फारसं बोलत नाही. 'बलूम' (अजून नाही) याला 'बेलूम' म्हणणं ही मराठी मुलांची ठरलेली चूक. दुसरी ठरलेली चूक 'च'ची. तिथला 'च' चहातला आहे, चमच्यातला नाही.

आयतं मिळालेलं कधी अंगावरही येतं. संस्कृत शब्द पाहून आपली मुलं फार खूश होतात आणि अर्थ न बघता वापरतात. 'नगारा' म्हणजे नगर नव्हे, देश. 'आचारा' म्हणजे कार्यक्रम. 'उपाचारा' म्हणजे समारंभ. तेव्हा ताप आला म्हणून कुणी उपचारासाठी आपल्या मराठी अंदाजाने 'उपाचारा' मागितला, तर डॉक्टर विचारतील, कुणाचं लग्न आहे?

विसरायला नको अशी एक गोष्ट म्हणजे इतर परदेशी विद्यार्थी. बहुभाषिक परिसर म्हटलं की सगळे जावानीजकडे बोट दाखवतात, पण कित्येक मुलं दिवसातले सहा तास एकमेकांतच असतात. दक्षिण थायलंडच्या पट्टानी भागातून येणारी मुलं घरी मलय बोलतात. ती पहिल्या दिवसापासून घडाघडा बोलतात, म्हणून बाकीचे त्यांचं ऐकून शिकतात. आणि मग मलय आणि इंडोनेशियन यांचे फसवे जुळे शब्द पसरतात. मलेशियाकडे 'पर्चुमा' म्हणजे फुकट, पैसे न देता. इंडोनेशियात 'पर्चुमा' म्हणजे व्यर्थ. 'पुसिंग' तिकडे वळणे, इकडे डोकं गरगरणे. 'बुदाक' तिकडे मूल, इकडे गुलाम. एका मुलीने मालकीणबाईंच्या नातवाला कौतुकाने 'गोड गुलाम' म्हटलं होतं. शिवाय परदेशी मुलांची आपसात एक मोडकी इंडोनेशियन तयार होते: उपसर्ग नाहीत, तीनच काळ-शब्द, हातवारे. ती फार लवकर येते, काम भागवते, आणि म्हणून माणूस तिथेच थांबतो. मला विचाराल तर जावानीजने जेवढ्या मुलांची भाषा अडवली त्याहून जास्त मुलांची या मोडक्या भाषेने अडवली.

त्यामुळे राहायची जागा हाच सगळ्यात मोठा निर्णय. परदेशी मुलांसाठीचं चकचकीत वसतिगृह मिळत असेल तरी पहिला महिना झाला की तिथून निघावं आणि घरमालक त्याच आवारात राहतात अशा कोसमध्ये जावं. वर्गात आठवड्याला पंधरा-वीस तास. कोसच्या ओट्यावर, न्हाणीच्या रांगेत, संध्याकाळच्या भज्यांच्या गाडीपाशी त्याच्या कितीतरी पट. शक्यतो अशा कोसमध्ये जिथे जावाबाहेरून आलेल्या मुलीही आहेत: मदुरा, फ्लोरेस, कालिमांतान. सगळ्या जावानीज असल्या की गप्पा जावानीजवर घसरतात. मिश्र असल्या की त्यांना आपसातच इंडोनेशियन बोलावी लागते, आणि ती इस्त्री केलेली नसते, रोजची असते. मुलीला नेमकी तीच हवी आहे. मलांग विद्यापीठांचं गाव असल्यामुळे अशी कोस सहज मिळते.

आणि एक वही. मी वर्गात प्रत्येकाला करायला लावते. शब्द, त्याचा अर्थ, आणि तिसऱ्या रकान्यात: कोण कुणाला म्हणालं. 'सेक' (थांब जरा): मैत्रीण मैत्रिणीला. 'तुङ्गु सबन्तार': बँकेतली बाई मला. महिनाभरात मुलं त्या तिसऱ्या रकान्यावरूनच ओळखायला लागतात की हा शब्द आजीसमोर चालेल की नाही. वही मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल, मी कागदाची ठेवते.

वर्षाच्या शेवटी युकेबीआय ही इंडोनेशियन प्रावीण्याची परीक्षा द्यायची असेल, तर शेवटचे दोन महिने रोज बातम्या वाचाव्यात, मोठ्याने. तेव्हा गिळलेले उपसर्ग परत येतात. आणि परतीच्या वाटेवर जकार्तात थांबणार असेल तर एवढं सांगा: मलांगमध्ये मित्राशी 'आकू-कामू' म्हणणं अगदी साधं आहे; जकार्तात मुलगी मुलाशी तसं बोलली की आजूबाजूचे एकमेकांकडे बघतात, यांचं काहीतरी जुळलंय म्हणून.

जाण्यापूर्वी एकच वाक्य पाठ करून घ्या, बाकी तिथे होईल: "इनी बाहासा जावा आताउ बाहासा इंदोनेसिया, बू?" हे जावानीज की इंडोनेशियन, मावशी? हा प्रश्न ऐकून मालकीणबाई स्वतःच क्षणभर थांबतील, आठवतील, आणि मग शेजारणीला हाक मारून विचारतील.